नदीला उतार कुठे आहे?

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या मुलखात, केळना नदीच्या दक्षिण बाजूला, चौतीस वर्षांचा एक इंग्रज सेनापती घोड्यावर बसून पलीकडचा काठ न्याहाळत होता. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. नदीपलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज पसरली होती आणि त्या फौजेकडे शंभराहून जास्त तोफा होत्या. वेलस्लीजवळ सगळी मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं होती, आणि तीही सकाळपासून चालून थकलेली. समोरून नदी ओलांडणं म्हणजे सरळ तोफांच्या तोंडी जाणं. दुसरीकडे कुठे उतार आहे का, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. वाटाडे म्हणाले, नाही.

तेवढ्यात दुर्बिणीतून त्याला दोन गावं दिसली. त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्यांची नावं पिपुलगाव आणि वारूर अशी आहेत. नदीच्या दोन काठांवर ती समोरासमोर वसलेली होती. वेलस्लीने साधा विचार केला. एवढ्या जवळ दोन गावं असताना त्यांच्यात येणंजाणं नसेल, असं होणार नाही, आणि येणंजाणं असेल तर उतार असलाच पाहिजे. शोधायला माणूस पाठवला. उतार निघाला, फौज पार झाली आणि संध्याकाळपर्यंत असईची लढाई संपली.

ही हकिगत इतिहासाच्या पुस्तकांत एका परिच्छेदात येते. कादंबरीकाराला मात्र त्या परिच्छेदात घर करून राहावं लागतं. पाणी गुडघ्याएवढं होतं की छातीएवढं? काठ चिखलाचा होता की गोट्यांचा? तोफा ओढणारे बैल पाण्यात उतरायला तयार झाले का? अशी उत्तरं गोळा करण्यात ज्यांचं आयुष्य जातं, त्यांचा दिवस कसा असतो, ते कुठे कुठे फिरतात आणि टेबलाशी कधी बसतात, हे पाहायला जालना जिल्हा फार चांगली जागा आहे. या जिल्ह्याच्या मातीत निदान तीन मोठ्या कथांची मुळं आहेत, आणि त्या लिहिणाऱ्या लेखकांच्या तऱ्हा एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या.

असईची लढाई जगभरच्या वाचकांपर्यंत पोचवणारा लेखक अमेरिकेत राहतो. बर्नार्ड कॉर्नवेल. १९४४ साली लंडनमध्ये जन्म. वडील कॅनडाच्या हवाई दलातले, आई इंग्रज, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. बाळ दत्तक दिलं गेलं आणि एसेक्समधल्या एका कर्मठ पंथाच्या घरात वाढलं. मोठेपणी त्याने मास्तरकी केली आणि मग बीबीसीत शिरला. बेलफास्टमध्ये चालू घडामोडींच्या विभागाचा प्रमुख असताना त्याला ज्यूडी नावाची अमेरिकन स्त्री भेटली. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तिला अमेरिका सोडता येत नव्हती, म्हणून १९८० साली तोच तिकडे गेला. तिथे नोकरी करायचा परवाना मिळेना. परवान्याशिवाय करता येईल असं काम कोणतं? कादंबरी लिहिणं. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ‘शार्प्स ईगल’ छापून आली.

घर चालवण्यासाठी लिहायला बसलेल्या माणसाची शिस्त त्याच्यात पुढेही टिकली. सकाळी लवकर टेबलाशी बसायचं आणि दुपार कलेपर्यंत काम करायचं, नोकरदारासारखं. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यांबद्दल त्याला फारशी सहानुभूती नाही. दवाखान्यातल्या नर्सला ‘आज जमत नाही’ म्हणून घरी बसता येत नाही, मग लेखकानेच का बसावं, असं तो विचारतो. एक कादंबरी साधारण पाच-सहा महिन्यांत हातावेगळी होते. उन्हाळ्यात केप कॉडवरच्या चॅटम गावात नाटकांत काम करायचं, शिडाच्या होडीतून समुद्रावर जायचं आणि पुन्हा टेबलाशी यायचं. रंगमंचावरचे हे दिवसही वाया गेले नाहीत. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीवरची त्याची ‘फूल्स अँड मॉर्टल्स’ ही कादंबरी २०१७ मध्ये आली.

लिहायला तो शिकला तेही हातकाम शिकावं तसं. सी. एस. फॉरेस्टरच्या ‘हॉर्नब्लोअर’ कादंबऱ्या त्याला लहानपणापासून आवडायच्या. त्यातली पुस्तकं घेऊन त्याने ती सुटी केली, एखादा घड्याळजी घड्याळ सुटं करतो तशी. कोणत्या परिच्छेदात लढाई आहे, कुठे मागची गोष्ट आली आहे, कुठे प्रेम, कुठे नुसतं वर्णन, हे रंगीत पेन्सिलींनी मोठ्या कागदांवर मांडलं. आपल्याला वर्णन जास्त वाटतं तिथे लेखकाने प्रत्यक्षात किती ओळी खर्च केल्यात, हे त्याने मोजून पाहिलं. आपल्याकडे लिहायला शिकवण्याबद्दल बोललं की लोक अजूनही थोडे अवघडतात. लेखन ही देणगी असते, असं म्हणून विषय संपतो. ज्यांना देणगी आहे त्यांनाही मोजमाप करावं लागतं, आणि ते केल्याने देणगी कमी होत नाही.

पुढे काय होणार, हे तो आधी ठरवत नाही. डोंगर चढण्यासारखं हे काम आहे, असं तो सांगतो. तिसरा हिस्सा चढून गेल्यावर मागे वळून पाहिलं की याहून बरी वाट होती हे कळतं. मग पायथ्याशी यायचं आणि पुन्हा चढायचं. म्हणून त्याची पहिली प्रकरणं अनेकदा लिहिली जातात आणि शेवटची भराभर होतात. ऐतिहासिक कादंबरीत त्याच्या मते दोन गोष्टी असतात, एक मोठी आणि एक लहान. मोठी गोष्ट म्हणजे लढाई, राज्य, तह. लहान गोष्ट म्हणजे एका माणसाची. इतिहासकार मोठी गोष्ट पुढे ठेवतो. कादंबरीकाराने लहान गोष्ट पुढे आणायची आणि मोठी मागच्या पडद्यावर चालू ठेवायची.

असईशी त्याची गाठ पडली ती स्वतःच्याच एका वाक्यामुळे. १९८१ च्या पहिल्या कादंबरीत रिचर्ड शार्प हा नायक साध्या शिपायाचा अधिकारी कसा झाला, हे सांगताना त्याने लिहून टाकलं होतं की भारतात असईच्या लढाईत शार्पने वेलस्लीचा जीव वाचवला होता. ओळ लिहिली, पुस्तक स्पेनमधल्या लढाईकडे गेलं. मालिका वाढत गेली, दूरदर्शन मालिका झाली, शॉन बीनने शार्पची भूमिका केली. वाचकांच्या मनात मात्र असई राहिली. शेवटी १९९८ मध्ये ‘शार्प्स ट्रायम्फ’ लिहून त्याने ती उधारी फेडली. त्याआधी १९९७ मध्ये श्रीरंगपट्टणवरची ‘शार्प्स टायगर’ आली होती. १९९९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगडच्या वेढ्यावरची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ आली. म्हणजे एका परदेशी कादंबरीकाराने अहमदनगरचा किल्ला, असईचं रान आणि गाविलगड अशी महाराष्ट्रातली तीन ठिकाणं दोन पुस्तकांत बसवली.

आता सतरा वर्षांपूर्वी छापून गेलेली एक ओळ घेऊन प्रसंग उभा करायचा म्हणजे काय? तर कागदांत फट शोधायची. असईच्या हकिगतींत नोंद आहे की नदी ओलांडताना तोफेच्या गोळ्याने वेलस्लीच्या बाजूचा हुजऱ्या घोडेस्वार ठार झाला. सेनापतीच्या शेजारची जागा रिकामी झाली. कॉर्नवेलने त्या रिकाम्या जागी शार्पला आणून ठेवलं. पुढे त्याच दिवशी वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला आणि ‘डायोमेड’ नावाच्या दुसऱ्या घोड्याला भाला लागला, हेही नोंदलेलं आहे. सेनापती घोड्यावरून पडला, त्यानंतरच्या काही क्षणांत काय घडलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. शार्पचा पराक्रम त्याच काही क्षणांत घडतो. खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही आणि खोटा माणूस त्यांच्यामधून चालत जातो.

प्रत्येक कादंबरीच्या शेवटी तो एक टिपण जोडतो. कुठे इतिहास वाकवला, कुणाचं श्रेय आपल्या नायकाला दिलं, कोणतं पात्र मनाचं, हे त्यात सरळ कबूल केलेलं असतं. ही सवय आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत अजून रुजलेली नाही. रुजली असती तर वाचकांचे आणि इतिहासकारांचे किती वाद जन्मालाच आले नसते.

रणभूमी पायाखाली घातल्याशिवाय लिहू नये, यावर मात्र असे पुष्कळ लेखक एकमताचे आहेत. नकाशावर सपाट दिसणाऱ्या जमिनीला प्रत्यक्षात एक हलका उंचवटा असतो, आणि तेवढ्या उंचवट्यामागे एक पलटण झोपून राहू शकते. असईचंच घ्या. एका बाजूला केळना, दुसऱ्या बाजूला जुई, आणि दोन्हींच्या मधली चिंचोळी पट्टी. वेलस्ली उतार ओलांडून या पट्टीत शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही कुशी नद्यांनी झाकल्या गेल्या आणि शिंद्यांच्या मोठ्या फौजेला पसरायला जागा उरली नाही. सप्टेंबरअखेरीस या भागात गेलं की कपाशीला बोंडं धरलेली असतात, मका उभा असतो आणि ओढ्यांना पाणी असतं. पाऊस नुकता सरलेल्या काळ्या रानात तोफेचं चाक किती रुतेल, हे सांगायला कोणतंही दफ्तर लागत नाही. तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते ठाऊक असतं.

त्या मोहिमेतली असईजवळची गावंही याच जिल्ह्यातली. जालन्याचा किल्ला कर्नल स्टीव्हन्सनने सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतला. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनजवळ एकत्र हल्ला करायचं ठरवलं. जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बदनापूर रोज हजारो माणसं एसटीतून पाहतात.

मराठी कादंबरीकाराला या जिल्ह्याकडे यायचं तर पहिली वाट परतूरची. जुन्या कागदांत पटदूर म्हणून ज्या गावाचं नाव येतं ते हेच. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी येऊन पोचली होती. दहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, ही वाट पानिपतावर संपली.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली तेव्हा लेखकाने तिशीही गाठली नव्हती आणि ते सरकारी नोकरीत होते. कॉर्नवेलसारखं दिवसभर टेबलाशी बसणं त्यांच्या नशिबी नव्हतं. फायली, दौरे, बैठका सांभाळून उरलेल्या वेळात लिहायचं, सुट्ट्या संशोधनावर खर्च करायच्या. मराठीतला बहुतेक कादंबरीकार असाच जगला आहे. ना. सं. इनामदार आकाशवाणीत नोकरी करत होते आणि त्याच काळात यशवंतराव होळकरांवरची ‘झुंज’ आणि दुसऱ्या बाजीरावावरची ‘मंत्रावेगळा’ त्यांच्या हातून लिहून झाली. ही दोन्ही पुस्तकं असईच्या अगदी उंबरठ्यावरची आहेत. १८०२ च्या अखेरीस बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला, त्यातून युद्ध पेटलं, आणि त्या युद्धात असईला होळकर आले नाहीत. मराठी सत्ता कुठे आणि का फुटली, हे इनामदारांनी दरबारात, तंबूत आणि माणसांच्या मनात शिरून शोधलं.

नोकरीचा तोटा असतो तसा फायदाही. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ नोकरीत जवळून दिसलेल्या जगातून उभी राहिली. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे सुभाषचंद्र बोसांवरच्या ‘महानायक’साठी त्यांनी देशाबाहेरही भटकंती केली. भूसंपादनाच्या कागदावर अंगठा उठवणारा म्हातारा आणि रंगूनच्या रस्त्यावरून जाणारा सेनानी एकाच लेखकाच्या हातून येतात, याचं मूळ त्याच्या पायपिटीत आहे. २०२५ मध्ये साताऱ्याच्या नव्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली.

दुसरी वाट जांबची. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच तो मुलगा आसनगावातून पळाला, अशी परंपरेने आलेली कथा. मग नाशिकजवळ टाकळी, देशभर पायी भ्रमण, चाफळ, शिवथरघळ, सज्जनगड. या आयुष्यावर ‘दास डोंगरी राहतो’ ही कादंबरी लिहिणारे गो. नी. दांडेकर स्वतः लहान वयात घर सोडून गेलेले होते. १९१६ मध्ये परतवाड्याला जन्मलेला हा मुलगा स्वातंत्र्याच्या ओढीने बाहेर पडला, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा पायी केली. जांबच्या नारायणाचं पळणं त्यांना पोथीतून शिकावं लागलं नाही. रात्री कुणाच्या ओसरीवर पडायचं, भाकरी मागताना घसा कसा सुकतो, आई आठवली की पाय कसे जड होतात, हे सगळं त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं.

गोनीदांचं घर तळेगाव दाभाड्याला, पण त्यांची खरी अभ्यासिका सह्याद्री. गडांवर ते वर्षानुवर्षं गेले, मुक्काम केले, छायाचित्रं काढली. तुंग किल्ल्याच्या परिसरातून ‘पवनाकाठचा धोंडी’ आला, राजमाचीवरून ‘माचीवरला बुधा’. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांमधून ‘जैत रे जैत’ आली, आणि तिच्यावरचा चित्रपट १९७७ मध्ये झाला. भाक्रा-नांगल धरण बांधलं जात असताना ते तिकडे गेले आणि ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहिली. वऱ्हाडी बोलीतली ‘पूर्णामायची लेकरं’ ही त्यांच्या जन्मभूमीची. (ती पूर्णा तापीला मिळणारी. केळना जिच्यात जाते ती जालन्याची पूर्णा वेगळी, ती गोदावरीकडे वाहते. एका नावाच्या या दोन नद्यांची नकाशावर हमखास गल्लत होते.)

त्यांच्याकडे कामाची आणखी एक तऱ्हा होती आणि मराठीला तिचा अभिमान वाटावा अशी ती आहे. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. मुलगी वीणा देव, जावई विजय देव आणि स्वतः गोनीदा असं मिळून कादंबऱ्यांचं अभिवाचन करत. ठाकराचं बोलणं ठाकरासारखं आणि कोकण्याचं कोकण्यासारखं कानावर पडायलाच हवं. वाक्य खोटं असेल तर जीभ अडखळते. कॉर्नवेल रंगीत पेन्सिलीने पुस्तक तपासतो, गोनीदा कानाने तपासत. १९७६ मध्ये त्यांच्या ‘स्मरणगाथा’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८१ च्या अकोला संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

योगायोगाने त्याच १९८१ मध्ये, १ मे रोजी, औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना हा जिल्हा झाला. आज बाहेर त्याची ओळख लोखंडाच्या सळया, बियाणं आणि मोसंबी अशी. लिहिणारी माणसं इथेही आहेत. जालन्यातच राहून वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या रेखा बैजल यांचं नाव मराठी वाचकाला परिचयाचं आहे. मुंबई-पुण्यापासून लांब राहून लिहिणाऱ्याला प्रकाशकाचं दार दूर पडतं. आपल्या मातीचं बारीकसारीक मात्र त्याला खिडकीतून दिसत असतं, आणि बाहेरून येणाऱ्याला तेच महिनोन्महिने हिंडून मिळवावं लागतं.

संशोधनाचा प्रवास कधी कधी स्वतःच्याच घरी नेऊन सोडतो. कॉर्नवेलने पन्नाशी ओलांडल्यावर, पुस्तकाच्या प्रचारदौऱ्यात, कॅनडातल्या एका पत्रकाराला बोलता बोलता सांगितलं की इथे मला पाहायचं असेल तर माझ्या खऱ्या वडिलांना. वडील सापडले. त्यांचं नाव विल्यम आउट्रेड. त्यांनी वंशावळ पुढे ठेवली आणि ती हजार वर्षांमागे, इंग्लंडच्या उत्तरेतल्या उट्रेड नावाच्या सरदारांपर्यंत गेली. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘द लास्ट किंग्डम’ मालिकेचा नायक याच नावाचा, उट्रेड. ज्याला पन्नाशीपर्यंत खरे वडील भेटले नव्हते, त्याला पुढच्या तेरा कादंबऱ्या वडिलांच्या आडनावाने दिल्या.

असईला इंग्रजांचे ४२८ जण मेले, १,१३८ जखमी झाले आणि १८ बेपत्ता झाले. एकेक माणूस मोजला गेला, अधिकाऱ्यांची नावं लिहिली गेली. मराठा फौजेचे किती गेले याचे फक्त अंदाज आहेत. त्या फौजेतले गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा डागत राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा मारा करू लागले. त्यांच्या चिवटपणाची साक्ष समोरच्या बाजूनेच दिली. नावं मात्र कुणी लिहिली नाहीत. ‘शार्प्स ट्रायम्फ’ नदी ओलांडून येणाऱ्यांच्या खांद्यावरून पाहते, आणि इंग्रज शिपायाच्या कादंबरीने तसंच पाहावं. तोफेच्या अलीकडे उभं राहून त्या दुपारकडे पाहणारी कादंबरी मराठीत हवी आहे. तिच्यासाठी कागद थोडे मिळतील, रान भरपूर मिळेल.

आणि सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न त्या लेखकाला पडला तर वाटाडे आहेतच. या भागात उतार नाही, असं त्या दिवशी सेनापतीला सांगणारे. दोन काठांवर दोन गावं दिसत असताना ते असं का म्हणाले? ते दूरचे होते आणि त्यांना केळना ठाऊक नव्हती? की ठाऊक होती, कालच ते तिच्यातून गुडघाभर पाण्यातून आले होते, आणि तरी त्यांनी मान हलवली?